वाऱ्याचा रतीब

‘जरा’ या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला मालाआत्यानेच शिकवलं होतं. जरा उशीर होईल, दर जरा वाढतील, इथे जरा सही करता का... असं कुणी म्हणालं की ती मान तिरकी करून त्या माणसाकडे बघत राहायची. म्हणून त्या दुपारी अंधेरीच्या ऑफिसात बाबांचा फोन आला आणि ते म्हणाले, ‘‘रेवा, मुलुंडला ये. आत्याला जरा बरं नाहीये,’’ तेव्हा मी पुढे काही विचारलं नाही. बाबा दुपारी कधी फोन करत नाहीत. शिवाय त्यांच्या मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. आजारी माणसाच्या घरात खुर्च्या सरकवत नाहीत. लोक येणार असतील तर सरकवतात. रिक्षा पवईला पोचेपर्यंत मला सगळं कळलेलं होतं, फक्त कुणी सांगितलेलं नव्हतं. बँकेच्या कामासाठी आत्याने रजा घेतली होती. काम करून आली, जेवली, खुर्चीत बसली आणि उठलीच नाही. गॅलरीच्या दाराजवळची ती खुर्ची मी पोचले तेव्हा भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहावं की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं. माझी शाळा घाटकोपरची, इंग्रजी माध्यमाची. मराठी वाचायला आणि लिहायला मला आत्याने सुट्ट्यांमध्ये शिकवलं. एकोणसाठ म्हणजे किती, यावर मी आजही क्षणभर अडते. ती म्हणायची, ‘‘महत्त्वाचं काही असेल ना, तर ते एकदा मराठीत म्हणून बघ. इंग्रजीत सगळंच खरं वाटतं.’’ म्हणून हे मराठीत.

मालाआत्या बाबांची थोरली बहीण. आजोबा साताऱ्याकडच्या एका पठाराखालच्या गावातून, तिथल्या बौद्धवाड्यातून, भांडुपच्या कारखान्यात कामाला आले. आत्या भांडुपच्या चाळीत वाढली, घरातली पहिली इंजिनिअर झाली आणि एका वीज वितरण कंपनीत लागली. कंपनी वीज तयार करत नाही. वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून विकत घेते आणि घरोघर पोचवते. वीज विकत घेण्याच्या विभागात आत्या होती. तिने लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, ‘‘प्रस्ताव आले होते. अटी वाचल्या.’’ नोकरीच्या सुरुवातीला लोक तिची गुणपत्रिका दोनदा बघायचे, एकदा गुणांसाठी आणि एकदा आडनावासाठी. हे तिने मला कधी सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं. मला वाटतं, तिच्यावर रोखलेला तो संशय तिने उचलला आणि त्याचं अवजार केलं. फक्त ती आडनाव न बघता कागद दोनदा बघायची.

कागदच काय, काहीही. घाटकोपरला एकदा माझ्यासाठी साडी घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने दिव्याखाली साडी उलगडली. आत्या ती साडी घेऊन थेट दुकानाबाहेर, फुटपाथवर.

‘‘मॅडम, रंगाची गॅरंटी आहे ना,’’ तो मागून धावत आला.

‘‘कोणाची? तुमची की कंपनीची?’’

‘‘दोघांची.’’

‘‘म्हणजे कोणाचीच नाही.’’

मी लाजेने दुकानाच्या पायरीवर खाली बघत उभी होते. दुकानदार मला म्हणाला, ‘‘ताई, तुमच्या आईंना घरी ठेवून येत जा.’’ आत्या हसली. साडी तिने घेतली, पण उन्हात बघूनच. दुकानात दिसतो तो रंग दुकानाचा असतो, असं तिचं म्हणणं होतं.

मी नववीत असताना मे महिन्यात तिने मला गावी नेलं. तेही मुख्यतः पठार बघण्यासाठी, कारण तोवर वर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. इतक्या उंच वस्तू मी इतक्या जवळून कधी बघितल्या नव्हत्या. पांढऱ्या, रांगेत आणि सगळ्याच्या सगळ्या थांबलेल्या. एकही पातं हलत नव्हतं. मी विचारलं, ‘‘बिघडल्यात?’’ आत्या म्हणाली, ‘‘नाही गं. वारा नाहीये.’’ मग आम्ही एका दगडावर बसून पोळी-भाजी खाल्ली आणि तिने मला तिचं काम समजावलं.

‘‘समज, एक दूधवाला रतीब घालायला आला,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणतो, म्हैस देईल तेवढं दूध मी आणणार. तुम्ही ते सगळं घ्यायचं, लागो न लागो. भाव आज ठरेल तोच, पंचवीस वर्षं. बाजारात दूध स्वस्त झालं तरी तोच. आणि तुमच्याकडे पाहुणे आले, त्या दिवशी म्हशीने दूध दिलं नाही, तर तुम्ही नाक्यावरून मिळेल त्या भावाने पिशव्या आणा. घेशील असा रतीब?’’

‘‘नाही.’’

‘‘वारा असतो पावसाळ्यात. तेव्हा मुंबईत एसी बंद, शेतातले पंप बंद. आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सगळं शहर एकदम बटणं दाबतं, तेव्हा इथे बघ, असं. तरी ही वीज घ्यावी लागते, कारण कोळसा जाळून किती दिवस चालणार? घ्यायला माझी ना नाही. अटी बघून घ्या, एवढंच. विकणारा वर्षाची सरासरी दाखवतो. वर्षाची सरासरी काढली तर मुंबईत रोज पाऊस पडतो.’’

मी हसले. ती हसली नाही. चक्क्यांकडे बघत म्हणाली, ‘‘वाऱ्यावर माझा राग नाही. वारा कुठे सही करतो? सही माणसं करतात. पंधरा वर्षांनी ती माणसं कुठे असतील, कंपनी कोणाच्या नावावर असेल... आणि बिल तुझ्या बापाच्या घरी येईल.’’

मुलुंडला परत आल्यावर तिने जुन्या निळ्या साडीची एक चिंधी फाडली आणि गॅलरीच्या ग्रिलला बांधली. ऑफिसातून आली की चहा घेऊन त्या खुर्चीत बसायची आणि समोरच्या इमारतींत दिवे लागेपर्यंत चिंधीकडे बघायची. मी चिडवायचे, ‘‘आत्या, मुलुंडच्या वाऱ्याचा पठाराशी काय संबंध?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग?’’

‘‘म्हणूनच बांधलीय. रोज आठवण राहते, की इथे बसून तिथलं दिसत नाही.’’

तिच्यामुळेच मी या क्षेत्रात आले. आकडे मला माणसांपेक्षा सोपे वाटतात. शिक्षण संपल्यावर अंधेरीच्या एका खासगी पवनऊर्जा कंपनीत मुलाखतीला गेले. कुठल्या जागी किती वारा, त्यातून किती वीज आणि त्यातून किती पैसा, याचे अंदाज बांधण्याचं काम. मुलाखतीत माझा आवाज जातो. प्रश्न येतो, उत्तर माहीत असतं, आणि मी नुसती मान हलवते. त्या दिवशीही तसंच झालं. फक्त एका प्रश्नाला मी सलग बोलले. ‘या क्षेत्राकडे कशा वळलात?’ मी सांगितलं, माझी आत्या वीजखरेदीत आहे, अमुक कंपनीत, तिने मला पठारावर नेलं होतं. रतिबाची गोष्टही सांगितली. समोरच्या तिघांपैकी एकाने, आता माझा बॉस असलेल्या समीरने, हातातलं पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिला. मला वाटलं, माझं बोलणं आवडलं. तिसऱ्या दिवशी नोकरीचं पत्र आलं.

पेढे घेऊन मी मुलुंडला गेले. आत्या जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी कंपनीचं नाव सांगितलं, आणि तिचा हात थांबला.

‘‘तिथे माझा विषय निघाला?’’

‘‘मी सांगितलं ना. अभिमानाने.’’

‘‘त्यांनी विचारलं, की तू आपणहून?’’

‘‘आपणहून. आत्या, पोलीस आहेस का तू?’’

तिने मेथीची दोन-तीन पानं उगाच पुन्हा निवडली. मग म्हणाली, ‘‘नोकरी घे. तुझ्या डोक्याचं काम आहे. पण आजपासून आपल्या दोघींमध्ये ऑफिस नाही. तुझं नाही, माझंही नाही.’’

‘‘का? माझ्यावर विश्वास नाही?’’

‘‘विश्वासाचा प्रश्न नाही, बाळा. नियम आहे.’’

मला तो नियम फार लागला. फाइलीवरचं घरी बोलायचं नाही, हा तिचा नियम जुनाच होता. पण तोपर्यंत तो माझ्यासाठी कधी नव्हता, कारण मी घरचीच होते. आता तिने मला समोरच्या बाजूला बसवलं होतं. मी विकणाऱ्यांची झाले होते, असं मी समजले. दर रविवारी जायचे, ते महिन्यातून एकदा झालं. गेले तरी आम्ही भाजीबद्दल बोलायचो, बाबांच्या गुडघ्याबद्दल बोलायचो. काही महिन्यांनी ती सहज म्हणाली, की तिने बदली मागून घेतली, आता ग्राहकांच्या बिलांच्या तक्रारी बघते. ‘‘कंटाळा आला होता तिकडे.’’ आत्याला कामाचा कंटाळा आला, हे मला पटलं नाही. पण मी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारणं हा शिष्टाचार आहे.

तक्रारींचे किस्से मात्र ती रंगवून सांगायची. भांडुपचे एक आजोबा दर महिन्याला बिल घेऊन यायचे. ‘‘मॅडम, घरात एसी नाही, मी एकटा, पंखापण एकवर लावतो. बिल वाढतंच कसं?’’ ती त्यांना सांगायची, ‘‘काका, तुमचा पंखा जुना आहे. एकवर लावून वीज फारशी वाचत नाही, वारा तेवढा कमी येतो. पाचवर लावा, मजेत झोपा.’’ आम्ही हसायचो. बिल का वाढतं, याचं उत्तर तिने त्यांना काय दिलं, हे ती सांगत नसे. मला तेव्हा वाटायचं, तिला ते माहीत नसावं.

ती गेली त्या संध्याकाळी मी ऑफिसात एका ओळीचा निरोप पाठवला होता, की घरात मृत्यू झाला आहे, रजा हवी. कोणाचा ते लिहिलं नव्हतं. मी अशा गोष्टी लिहीत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, लोक वंदनेला जमत होते तेव्हा, मुलुंडच्या घरी पांढऱ्या शेवंतीचं मोठं पुष्पचक्र आलं, आमच्या कंपनीकडून. बाबा भारावून गेले. ‘‘किती मानतात गं तुला तिथे,’’ म्हणाले. मी चक्रावरची पट्टी वाचली. आत्याचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. खाली तिचा हुद्दा. वीजखरेदी विभागातला. दोन वर्षांपूर्वी सुटलेला.

आतल्या खोलीत त्रिसरण सुरू झालं होतं. मी दारातच उभी राहिले. मी ऑफिसात आत्याचं नुसतं ‘आत्या’ म्हटलं होतं. मुलुंडचा पत्ता कुणाला दिला नव्हता. आणि हुद्दा जुना होता... म्हणजे कुणीतरी तो तेव्हा लिहून ठेवला होता, आणि नंतर बदलायची गरज त्यांना पडली नव्हती.

लोक पांगल्यावर आत्याचे जुने सहकारी परब चक्राजवळ उभे दिसले. त्यांच्याबद्दल आत्याकडून ऐकलं होतं, की वेंगुर्ल्याचे आहेत आणि तिच्याइतकेच खवचट. ते पट्टी वाचत होते.

‘‘ह्यां कोणी पाठवल्यान?’’

मी कंपनीचं नाव सांगितलं. मी तिथे काम करते, हेही.

‘‘तू तिथे आहेस, ता माका ठाऊक आसा,’’ ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, शुद्ध मराठीत बोलू लागले; जणू आता ऑफिसातलं बोलायचं होतं. ‘‘तू तिथे लागलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. म्हणाल्या, माझी भाची त्या कंपनीत आहे, त्यांचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे, मला यातून मोकळं करा.’’

‘‘आमचा प्रस्ताव?’’

‘‘तुला माहीत नव्हतं?’’

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा नवीन होते, मला दुसऱ्या राज्यातल्या जागा दिल्या होत्या.

‘‘मॅडमनी त्यातली एकेक अट फाडून ठेवली होती,’’ परब म्हणाले. ‘‘तयार होईल ती सगळी वीज घ्यायचीच, उद्या किती वीज देणार हा त्यांचा अंदाज चुकला तर दंड आपण भरायचा, दर शेवटपर्यंत एकच. सगळं मला तोंडी सांगून झालं होतं. शेरा लिहायचा तेवढा राहिला होता. आणि बाजूला झालेल्या माणसाचा शेरा कोण घेतो? नवीन माणूस आला, त्याने वर्षाची सरासरी बघितली, म्हणाला मस्त आहे. झाला करार. गेल्या पावसाळ्यात रात्रंदिवस वारा. मागणी नाही, तरी घ्यायची, पैसे द्यायचे. आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी बाजारातून महाग वीज. लोक बिलं घेऊन आले, ते मॅडमच्याच खिडकीवर. ठाऊक असून तोंड उघडायची सोय नाही.’’

मी विचारलं, ‘‘तिने मला का नाही सांगितलं?’’

‘‘सांगितलं असतं तर तू नोकरी घेतली असतीस?’’

त्यांनी चप्पल घातली, आणि पुन्हा वळले. ‘‘मी तेव्हाच त्यांना म्हटलं होतं, मॅडम, बाजूला होऊ नका, त्यांना तेच हवं असेल. त्या म्हणाल्या, परब, असेलही. पण मग मी काय करू? राहिले तर उद्या कोणीतरी म्हणेल, भाचीसाठी राहिली. अगो बाय, मी तुला सांगतो, पैसे खाणाऱ्याला विकत घेता येतं. न खाणाऱ्याला नुसतं हलवावं लागतं.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तोपर्यंत मला एवढीच भीती वाटत आली होती, की आत्याला मऊ करण्यासाठी मला घेतलं असावं, असं तिला वाटतंय. ती मऊ होणार नाही, हे समीरलाही रतिबाची गोष्ट ऐकताना कळलं असणार. त्याने पेन खाली ठेवलं होतं. आता तो हात मी रोज बघते. आवडलं म्हणून ठेवलं, की जे हवं होतं ते मिळालं म्हणून?

रजा संपल्यावर मी त्याला विचारलं. माझ्यासारखीसाठी हे सोपं नव्हतं. वाक्य घरून पाठ करून गेले होते. ‘‘समीर, मला घेतलंत तेव्हा माझी आत्या कोण आहे हे माहीत होतं?’’

‘‘अगं, तूच तर सांगितलंस.’’

‘‘त्याच्या आधी.’’

तो हसला. त्याचं हसू नेहमीचंच होतं, चांगलं. ‘‘रेवा, यार, तुझ्या टेस्टचे मार्क बघ. तुला कोणीपण घेतलं असतं.’’

‘‘आणि चक्र मुलुंडला आलं, तो पत्ता?’’

‘‘एचआरने शोधला असेल. एवढं काय त्यात?’’

एवढं काय त्यात. असेलही खरं. करार झाल्यावरही त्यांनी मला ठेवलं, पगार वाढवला. म्हणजे मी कामाची होते? की दुसरा करार येणार होता? कारण तो आलाच आहे. त्याच पठारावरची नवी रांग, आणि विकत घेणार आत्याचीच कंपनी. अंदाज बांधायला या वेळी माझ्याकडे दिला आहे. माझ्यावर विश्वास म्हणून, किंवा त्या नावाचा आता अडथळा उरलेला नाही म्हणून. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून हे कळत नाही, आणि उन्हात नेऊन बघावं असं ते कापडही नाही.

मी बाजूला होण्याचा विचार केला. आत्याने केलं असतं, हे पहिलं मनात आलं, आणि लगेच परबांचा आवाज आला. मग मी अंदाज केला. महिने वेगळे दाखवले, दिवेलागणीचे तास वेगळे दाखवले. वीज लागते तेव्हा वारा किती, हे पहिल्याच पानावर. समीरने बघितलं आणि म्हणाला, ‘‘इतकं कोण वाचतं? सरासरी दे ना वरती.’’ मी म्हटलं, ‘‘वाचणारे असतात.’’ माझा आवाज गेला नाही. ते पान तसंच जाईल, की कुणी वाटेत बदलेल, हे मला अजून ठाऊक नाही. गेलं की समोरच्या टेबलावर कोणी असेल का, हेही नाही. पाठवायच्या प्रतीवर अंदाज बांधणारीचं नाव लागतं. माझं पूर्ण नाव लिहिलंय, आणि रोज सकाळी उघडून बघते, की पहिलं पान जागेवर आहे ना.

काल आम्ही मुलुंडचं घर आवरायला गेलो. बाबा आत कपाटं रिकामी करत होते. मी भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची उचलून गॅलरीच्या दाराशी होती तशी ठेवली आणि बसले. चिंधी ग्रिलला तशीच होती. निळा रंग जवळजवळ गेलेला, गाठ मात्र घट्ट. बाबा दारात आले. म्हणाले, ‘‘सोडून घेऊन जाऊ या का? तिची आठवण.’’

मी म्हटलं, ‘‘नको. इथेच असू दे.’’

ते माझ्यासाठी चहा करायला गेले. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागू लागला, स्वयंपाकघरं आधी, मग बाहेरच्या खोल्या. मी चिंधीकडे बघत बसले. ती हलत नव्हती. पठारावर त्या वेळी काय चाललं होतं, मला माहीत नाही.